कुठं जायचं ते

९ जून

सामान लागलं. म्हणजे लागलं असं म्हणायचं. भांडी स्वयंपाकघरात, पुस्तकं सगळीकडं. श्रेयांस टेम्पोबरोबरच निपाणीला परत गेला. मोटारपंपाचं दुकान नोकरावर टाकून नवऱ्यानं बायकोच्या बदल्या करत बसायचं का, असं तो तोंडानं म्हणाला नाही, पण दोऱ्या सोडताना गाठी जरा जास्तच जोरानं ओढत होता. आता शनिवारी येईल, सोमवारी सकाळी जाईल.

बेळगावच्या कॉलेजात कायमची जागा मिळायला इतकी वर्षं लागली की मिळाल्यावर आनंद करायचा राहूनच गेला. घर कॅम्पात, लष्करी छावणीच्या भागात घेतलं. श्रेयांस म्हणत होता, "टिळकवाडीत बघ की, कॉलेज जवळ पडतंय." मी म्हटलं, आपल्या सौम्याची शाळा कॅम्पात आहे. ते खरंच आहे. पण शाळा कॅम्पातली निवडली ती घर कॅम्पात हवं म्हणून. हे त्याला सांगितलेलं नाही. इथं लिहायला हरकत नाही.

कारण कवितासंग्रह. नऊ वर्षांची होते तेव्हा आण्णा, माझे वडील, आम्हाला कोगनोळीहून इथं घेऊन आले. त्यांना कॅम्पातल्या एका कापडदुकानात मॅनेजरची जागा मिळाली आणि मी मराठी शाळेतून उचलून इंग्रजी शाळेत टाकले गेले. त्या उखडण्यावर माझा सगळा संग्रह आहे. कोल्हापूरचा ओमकार तो छापणार. वयानं माझ्याहून बराच लहान, पण कवितेचं कळतं त्याला. गेल्या महिन्यात फोनवर म्हणाला ते अजून टोचतंय. "ताई, कविता चांगल्या हैत. पण ह्यात ती पोरगी कुठाय? सगळीकडं प्राध्यापिका बोलतीय. त्या पोरीला एकदा बोलू दे की."

म्हणून इथं आले. ती इथंच कुठंतरी राहिली असणार.

सौम्याला मी विचारलं होतं. मार्चमध्येच, आईस्क्रीम खाताना. "जाऊया का गं बेळगावला? मोठी शाळा, मोठं ग्राउंड." ती हो म्हणाली. मला आण्णांनी विचारलं नव्हतं. संग्रहातली पहिली कविताच त्यावर आहे. निदान ती चूक माझ्या हातून झाली नाही.

१४ जून

शाळा सुरू होऊन आठवडा होत आला. तिचा सहावीचा वर्ग, सगळं इंग्रजीतून. मराठी शिकवणाऱ्या बाईनं स्वतःच्या मुलीला मराठी शाळेतून काढलं, यावर कॉलेजात कुणीतरी कुजकं बोललंच. बोलू देत.

संध्याकाळी तिला घेऊन कॅम्पभर फिरले. ही माझी शाळा, हे चर्च, हा तो कोपरा, इथं मी पहिल्या दिवशी रस्ता चुकून रडत उभी होते. ती चपलेनं खडा ढकलत चालली होती.

एका जुन्या झाडाखाली मी डोळे मिटून उभी राहिले. वास यावा, आवाज यावा, काहीतरी यावं. सौम्यानं ओढणी ओढली. "मम्मी, चल की. लोक बघालेत."

काही आलं नाही. मैदानावर जवान पळत होते, आईस्क्रीमच्या गाडीवर गर्दी होती. कॅम्प मला विसरून गेलाय, आणि त्यात त्याचं काही चुकलेलं नाही.

२३ जून

सगळ्याची चिडचिड होते आहे. कॉलेजच्या चर्चासत्रात मी निबंध वाचायचा आहे: बालपणीचं स्थलांतर, आपलेपण आणि कविता. प्राचार्य म्हणाले, "तुमचाच विषय आहे मॅडम." माझाच आहे, म्हणूनच एक पान लिहून होत नाही. 'कविता ही परत जाण्याची वाट असते' असं वाक्य लिहिलं आणि पुसलं. मी गेले की परत. वाट सापडली, घर सापडलं, दार उघडायला कुणी नाही.

त्यात सौम्या. शाळेतून येते ती बुटांसकट थेट आत. दप्तर उंबऱ्यात, फरशीभर चिखलाची पावलं आणि बाथरूमचं दार धाडकन्. रोज. आज ओरडले, "बूट काढायला काय होतं गं तुला?" आतून उत्तर नाही. पाण्याची बाटलीही भरलेली तशीच परत येते. मी सकाळी पाणी उकळून, गार करून भरायचं आणि हिनं ते कुंडीत ओतायचं. घरी आल्यावर मात्र घटाघटा पिते. शिस्त म्हणून नाही.

२ जुलै

ओमकारचा फोन. मागच्या पानावर काय छापायचं ते वाचून दाखवलं. 'सीमाभागाच्या जखमेतून उमटलेली कविता.'

म्हटलं, अरे बाबा, मी सीमा ओलांडलेलीच नाही. कोगनोळीत आमच्या दारातून नाका दिसायचा. पलीकडं महाराष्ट्र. आण्णा आम्हाला घेऊन उलट्या दिशेला आले, आत. सीमेपासून लांब गेलेल्या मुलीच्या या कविता आहेत.

"ते बरोबर आहे ताई. पण वाचणाऱ्याला कोगनोळी म्हटलं की नाकाच आठवतो."

शिवाय एक शंका होती त्याची. कवितेत 'अव्वा' म्हणून कोण येते? ती आजी का? कानडी शब्द का? म्हटलं, ती माझी आई. आमच्या जैनांच्या घरांत आईला अव्वा म्हणतात. आम्ही घरात मराठी बोलतो, अव्वा देवाशी आणि शेजारणीशी कानडी बोलते, आणि तिला स्वतःला यात काही विशेष वाटत नाही. ओमकार म्हणाला, "खाली टीप देऊया."

माझ्या आईला टीप.

पण त्याचा मूळ मुद्दा तसाच आहे. ती मुलगी बोलत नाही. मी पुष्कळ युक्त्या केल्या. तिला आमच्या बोलीत बोलायला लावलं. आमच्याकडं मुलीसुद्धा 'मी जातो, मी आलतो' म्हणतात; या कॅम्पातल्या शाळेत मुलींनी हसून हसून मला त्याचं 'जाते, आले' करायला लावलं होतं. ते कवितेत घातलं तर नाटकातल्या संवादासारखं वाटायला लागलं. काढून टाकलं.

११ जुलै

झाली! कविता झाली!

संध्याकाळी मी गवारी मोडत होते, सौम्या समोर गणितं करत होती. तिला सहज विचारलं. खोटं कशाला लिहू, सहज नाही, कवितेसाठीच विचारलं. "नवीन शाळेत कसं वाटतं गं? एका वाक्यात सांग बघू."

ती पेन्सिल चावायला लागली. मग म्हणाली, "तिथं सगळ्यांना ठाऊक हाय कुठं जायचं ते. मला एकटीलाच न्हाय."

 इतकी वर्षं मी जे वाक्य शोधत होते ते समोर बसून पेन्सिल चावत होतं. ती पुढं काहीतरी सांगायला लागली, "म्हणजे मधल्या सुट्टीत काय होतंय—" पण मी हात वर करून तिला थांबवलं आणि कागद आणायला उठले. अशी ओळ हातातून निसटली की परत येत नाही.

इथं सगळ्यांना ठाऊक आहे
कुठं जायचं ते.
घंटा होते, आणि दार त्यांना ओळखतं.
मी बाकावर राहते.
मला एकटीलाच ठाऊक नाही
कुठं जायचं ते.

एकटाकी. एक शब्द इकडचा तिकडं केला नाही. गवारीची भाजी लागली, करपली. सौम्या न कुरकुरता जेवली. गुणी आहे पोरगी.

१६ जुलै

ओमकारला फोनवर कविता वाचून दाखवली. त्यानं ती पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाला, "ताई, पोरगी बोलली."  संग्रहाचं नावही तेच ठेवायचं ठरलं, 'कुठं जायचं ते'. डिसेंबरात प्रकाशन. मागच्या पानावर आता 'सीमाभागाची सगळी व्यथा एका ओळीत' असं काहीतरी येणार आहे. मी भांडले नाही. आज भांडायची इच्छा नव्हती.

निबंधही लिहून झाला. स्थलांतर झालेल्या मुलाला जागेचं भान नसतं, जागेच्या अभावाचं असतं, वगैरे. वाक्यं आपोआप आली.

९ ऑगस्ट

निपाणीला जाऊन आलो. अव्वा तिथं माझ्या भावाकडं असते. तिला संग्रहातली पहिली कविता वाचून दाखवली, 'मला कुणी विचारलं नाही'. तिनं टीव्हीवरची कानडी मालिका बंद करून ऐकली, म्हणजे मोठाच मान दिला. ऐकून झाल्यावर म्हणाली, "तुला विचारलं न्हाय म्हणून कोण सांगितलं?"

"कोण कशाला सांगायला पाहिजे? मला आठवतंय की."

"काय आठवतंय? आण्णा तुला मांडीवर बसवून विचारलेत. पायात बूट, गळ्यात टाय म्हटल्याबरोबर तू नाचालतीस. साऱ्या गल्लीत सांगून आलतीस, मी बेळगावला जातो, तुम्ही बसा हितंच म्हणून." मग टीव्हीचा रिमोट हातात घेऊन म्हणाली, "रडालतो मी. मला कोण विचारलं न्हाय."

आणि मालिका लावली.

अव्वाचं वय झालंय. दोन नातवंडांची नावं एकमेकांना लावते, तिच्या सांगण्यावर कविता कशी बदलू? आणि समजा विचारलं असेल, तरी नऊ वर्षांच्या मुलीच्या हो म्हणण्याला काय अर्थ आहे? तिला बुटांपलीकडचं काय दिसणार? माझी वेदना खोटी होत नाही. कवितेचं सत्य वेगळं असतं, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. तरी येताना बसमध्ये डोकं दुखत होतं.

सौम्या निपाणीत दिवसभर हुंदडली. रात्री मात्र बसमधून उतरताना पोटात दुखतंय म्हणाली. बाहेरचं खाल्लं असेल काहीतरी.

२४ ऑगस्ट

वाचनालयात कविसंमेलन. छोटंच, पण दर्दी लोक. सौम्याला एकटी घरी कशी ठेवायची म्हणून घेऊन गेले. पुढच्याच रांगेत बसवली.

शेवटी 'कुठं जायचं ते' वाचली. शांतता, मग टाळ्या. पुन्हा वाचा म्हणाले. पुन्हा वाचली. पांढऱ्या टोपीतले एक आजोबा उठून म्हणाले, "बाई, सत्तर वर्षं आम्ही भाषणं केलो. तुम्ही एका ओळीत सांगितलात." त्यांचे डोळे ओले होते. मला त्यांना सीमा-बिमा काही नाही असं सांगता आलं नाही. एक बाई सौम्याचा गालगुच्चा घेऊन म्हणाल्या, "बघ, तुझी आई लहानपणी किती सोसली."

 घराशी रिक्षातून उतरल्यावर सौम्या म्हणाली, "ते मी म्हणलतो."

"हो गं. तूच. तुझ्यामुळंच सुचली कविता."

"सुचली न्हाय. मी म्हणलतो तसंच हाय ते. आन् तू सांगितलीस, ते तू हैस म्हणून."

"कवितेत असं असतं सौम्या. एकाचं दुसऱ्याला मिळतं. माझंही तसंच होतं ना, तुझ्याएवढी असताना."

"पण ते सगळे टाळ्या वाजवले." ती दाराकडं वळली. "त्यांस्नी कळलंच न्हाय."

"काय कळलं नाही?"

ती आत गेली. बाथरूमचं दार.

चांगला दिवस होता. तो असा संपायला नको होता. मुलांना मत्सर वाटतो आईच्या कामाचा, हे वाचलंय मी कुठंतरी.

२६ ऑगस्ट

अबोला चालू. हो, नाही, भूक नाही. वर्गशिक्षिकेनं डायरीत शेरा दिलाय, शेवटच्या तासाला लक्ष नसतं, बाकावर चुळबुळ करते. वाचून रागच आला. एवढं मोठं मैदान, एवढी मोठी शाळा, आणि हिची चुळबुळ.

संग्रह तिलाच अर्पण करावा असं वाटतंय. 'सौम्यास, जिनं मला माझं बालपण परत दिलं.' वाचून खूश होईल.

२९ ऑगस्ट

शाळेतून फोन, न्यायला या. ताप. रिक्षात ती माझ्या अंगावर रेलून बसली, भट्टीसारखं अंग. डॉक्टरीणबाई कॅम्पातल्याच, वयस्कर, कानडी वळणाचं मराठी बोलणाऱ्या. लघवी तपासायला पाठवली. मग पोट दाबून बघता बघता तिला विचारायला लागल्या.

"जळजळ होती का गं?"

मान हलली.

"कधीपास्नं?"

"लई दिवस झाले."

"शाळेत पाणी पितीस का न्हाय?"

पुन्हा मान हलली, नाही.

"का पीत न्हाईस?"

"प्यालं की जायला लागतंय."

"मग जायचं. शाळेत कुठं जातीस?"

"जात न्हाय. कुठं जायचं ठाऊक न्हाय."

डॉक्टरीणबाई लिहीत होत्या, त्यांनी वर बघितलंही नाही. मी बघितलं. सौम्या माझ्याकडं बघत नव्हती.

मग सगळं निघालं. पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत तिनं एका मुलीला विचारलं होतं, "बाथरूम कुठं हाय?" ती मुलगी हात हलवून म्हणाली, "हाय! हाय!" मग सगळ्याच. दिवसभर कोण दिसलं की हाय, हाय. त्यानंतर तिनं कुणाला विचारलं नाही. मी तिला म्हटलं, नंतर तरी बाईंना विचारायचं. ती म्हणाली, "इतके दिवस झाल्यावर कसं विचारायचं?"

गोळ्या, भरपूर पाणी, आठवडाभर घरी. ऐकलं नाही तर मूत्रपिंडावर जाईल म्हणाल्या. मला जरा कडक आवाजात म्हणाल्या, "पोरगी काही सांगितली न्हाय तुम्हाला?"

मी म्हटलं, नाही.

आणखी एक लिहायचं आहे. दवाखान्याच्या बाकावर औषधाची वाट बघत बसलेली असताना या 'हाय'वर कविता होईल असं माझ्या मनात आलं. दोन ओळी जुळल्यासुद्धा. सौम्याचं तापलेलं डोकं माझ्या मांडीवर होतं.

३१ ऑगस्ट

श्रेयांस कालच आला. सौम्या झोपल्यावर आम्ही मागच्या अंगणात भांडलो.

मी त्याला सगळं सांगितलं, कवितेचं पण. त्यानं हातातला मोबाईल खाली ठेवला. मग म्हणाला, "पोरगी तुला दुखतंय म्हणून सांगितली. तू लिहून घेतलीस."

मी सोडलं नाही. "आणि तू रे? दर शनिवारी येतोस, मोबाईलवर दुकानाचे फोन घेतोस, रविवारी झोपतोस. तू काय बघितलंस? बाटली भरलेली परत येते हे मला निदान दिसत तरी होतं."

"दिसत होतं तर काय केलीस?"

"ओरडले," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार.

तो म्हणाला, तिला निपाणीला घेऊन जातो, जुन्या शाळेत हेडबाई ओळखीच्या आहेत, नाही म्हणणार नाहीत. मी म्हटलं, असं कसं घेऊन जातोस, सामान आहे का ती? म्हटलं आणि माझं मलाच कसंतरी झालं. शेवटी तो म्हणाला, तिलाच विचारूया.

सकाळी विचारलं. दोघंही पलंगावर तिच्या दोन बाजूंना बसलो, न्यायाधीशासारखे. तिनं पांघरूण नाकापर्यंत ओढलं.

"मला सारखं विचारू नका. मी काय बी म्हणलो तरी तुम्हाला करायचं तेच करतात."

"नाही गं, खरंच तू सांगशील तसं," श्रेयांस म्हणाला.

"मला कसं ठाऊक असणार? मी काय मोठा हाय का?"

 मला अव्वाचं बोलणं आठवलं, आणि अव्वाचा राग आला. वय झालेल्या माणसांनी बरोबर असू नये.

ठरलं ते असं. वर्ष इथंच पुरं करायचं. श्रेयांस बुधवारीसुद्धा येणार. तिला विचारलं नाही, सांगितलं. ती "बरं" म्हणाली. पांघरूण मात्र थोडं खाली घेतलं.

८ सप्टेंबर

तिच्याबरोबर शाळेत गेले, भरायच्या आधी. शिपाईमावशींना विचारलं. त्यांनी दाखवलं: मागच्या इमारतीत, जिन्याखालून वळून. पाटी नाही. नव्या मुलाला सापडणं शक्यच नाही. कडी होती, पाणी होतं. सौम्या दार लावून आली आणि हात धुतले.

वर्गशिक्षिका भेटल्या. तरुण आहेत, वाईट नाहीत. "She is so quiet, no problem at all," म्हणाल्या. मी इंग्रजीत बरंच बोलले. हाय हाय करणाऱ्या मुलींचं सांगायला लागले तेव्हा सौम्यानं माझा हात इतका घट्ट दाबला की मी थांबले. तिच्या वर्गातलं राजकारण तिला माहीत. मला नाही.

बाहेर आल्यावर फाटकाशी उभी राहून रडले. लोक बघत होते.

१० सप्टेंबर

ओमकारला सांगितलं, ती कविता काढ.

"ताई, काय बोलालाय? मुखपृष्ठ झालंय. नाव तेच आहे."

"नाव पण काढ. ती माझी नाही."

"मग मुलीचं नाव घालूया की. तळटीप देऊ. उलट लोकांना आवडेल."

सौम्याला विचारलं, तुझं नाव घालून छापू का. तिला सगळं सांगितलं, डिसेंबर, मुखपृष्ठ, सगळं. ती म्हणाली, "नको. लोक विचारतील कुठं जायचं म्हणजे कुठं." आणि किंचित हसली. पहिल्यांदाच. मग गंभीर होऊन म्हणाली, "काढून टाक."

ओमकारला सांगितलं. पहिली कविताही काढायला सांगितली. 'मला कुणी विचारलं नाही' असं छापलं आणि अव्वाला कुणी पुन्हा वाचून दाखवलं तर? ती हयात आहे.

 तो सरळ म्हणाला, "ताई, रागावू नका. पण ह्या दोन काढल्या तर उरतं काय? आधीचंच. प्राध्यापिका." डिसेंबर रद्द. पुढं बघूया म्हणाला. 'पुढं बघूया' म्हणजे काय ते मला कळतं. मीही विद्यार्थ्यांना तेच म्हणते.

राग सगळ्यांचा आला. ओमकारचा, कारण तो बरोबर आहे. सौम्याचा आला. हो, आला. एका शब्दासाठी लोक जन्म घालवतात, आणि ही म्हणते काढून टाक. दुपारी दोन तास मी तिच्याशी नीट बोलले नाही. मग तिनं स्वतः उठून पाणी प्यायलं, पेला विसळून ठेवला, आणि मला माझी लाज वाटली. पण राग गेला असं नाही. कविता चांगलीच होती.

४ ऑक्टोबर

चर्चासत्र झालं. निबंध वाचला. सौम्याची ती ओळ त्यातून काढली होती, म्हणून मधे भोक पडल्यासारखं झालं. कुणाच्या लक्षात आलं नाही. प्रश्नोत्तरांत एका विद्यार्थिनीनं विचारलं, "मॅडम, लहान मूल स्वतः कविता लिहीत नाही. मोठं झालेलं माणूस लिहितं. मग ती नक्की कोणाची?"

मी म्हटलं, चांगला प्रश्न आहे. वेळ संपली.

हल्ली लिहीत नाही. एक ओळही नाही. मला नऊ वर्षांची मुलगी शोधायची होती. ती बूट मिळणार म्हणून गल्लीभर नाचणारी निघाली. तिच्यावर कविता कशी करायची ते मला येत नाही.

२४ ऑक्टोबर

दिवाळी करून परत आलो. देवळात महावीरांचा निर्वाण लाडू पहाटे चढवला, अव्वानं सौम्याला कानडीत कसलीशी गोष्ट सांगितली, दोघी खूप हसल्या. मला अर्धीच कळली. विचारलं तर अव्वा म्हणाली, "तुझ्यासाठी न्हवती."

दुसऱ्या दिवशी सौम्या जुन्या मैत्रिणींकडं गेली. संध्याकाळपर्यंत येणार म्हणाली होती, जेवायच्या आधीच परत आली. काय झालं विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. श्रेयांसनं तिला स्कूटरवरून एक फेरी मारून आणली.

आज दुपारच्या बसनं निघालो. श्रेयांस स्टँडवर हात हलवत उभा. संकेश्वर गेलं, घाट गेला, ती खिडकीला डोकं लावून बसलेली. मला वाटलं झोपली. काकती आलं, बेळगाव आलंच आता, म्हणून मी पिशव्या आवरायला लागले, तेव्हा ती बोलायला लागली. खिडकीकडंच तोंड करून. आधी निपाणीचं, मग इथलं, मग तिथून इथं येतानाचं. एक वाक्य असं बोलली की माझा हात आपोआप पर्समधल्या मोबाईलकडं गेला.

तिनं ते बघितलं. थांबली.

"मम्मी, हे लिहायचं न्हाय."

मी हात पर्समधून काढून मांडीवर ठेवला. "नाही लिहीत."

ती माझ्या हाताकडं थोडा वेळ बघत राहिली. मग पुढं बोलली. स्टँड येईपर्यंत बोलत होती. उतरायची गडबड सुरू झाली, लोक पिशव्या ओढायला लागले, तरी तिचं चालूच होतं, आणि मी बसून होते. कंडक्टर म्हणाला, "बाई, उतरा की, लास्ट स्टॉप."

घरी आलो. भात टाकला, दोघी जेवलो. आता ती आत गाणं गुणगुणत दप्तर भरते आहे. ती बसमध्ये काय काय बोलली ते शब्दन्‌शब्द मला आठवतंय. विशेषतः ते एक वाक्य.

इथं लिहीत नाही.